कप्तानाचं पाणी

फेब्रुवारी १९६९, मेहकरच्या बाजाराचा दिवस, सकाळी दहाचा खेळ. तिकिटं गेली दोनशे शहात्तर. त्यांतली जमिनीवरची दोनशे बारा, पन्नास पैशांप्रमाणे, आणि खुर्चीची चौसष्ट, पाऊण रुपयाप्रमाणे. गल्ला एकशे चोपन्न रुपये. हजर होते ते असे: टॉकीजचे मालक, मशीनवर रहीमभाई, दाराशी फुटाण्यांची टोपली घेऊन लोणारच्या सरूबाई, तिकिटाच्या खिडकीत मी, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला लाकडी स्टुलावर, हातात माईक घेऊन बसलेले दगडूजी तायडे मापारी.

एवढं मी खात्रीने सांगू शकतो. दगडूजींबद्दल मात्र इतक्या वर्षांनीही माझी बेरीज जमत नाही. आकडे सगळे माझ्याकडे आहेत, पण ते मांडले की दर वेळी वेगळाच माणूस उत्तर म्हणून निघतो.

मी तेव्हा धान्याच्या बाजारात लिहिण्याचं काम करत होतो आणि बाजाराच्या दिवशी सकाळी दोन तास टॉकीजच्या खिडकीवर बसत होतो. दगडूजी माझ्याच बाजारात मापारी होते. शेतकऱ्याची ज्वारी, तूर, कापूस काट्यावर घालायचा, वजन मोठ्याने पुकारायचं, मग मी ते लिहायचं. उंच, हाडकुळा माणूस. डोक्यावर काळी टोपी, धोतर गुडघ्याच्या जरा खाली. पहिलं पोतं काट्यावर चढवण्याआधी धोतराच्या सोग्याने पारडं पुसायचे. रोज पुसायचे, पारडं स्वच्छ असलं तरी. मोजायला लागले की एक म्हणायचे नाहीत, जुन्या रिवाजाप्रमाणे "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन, चार.

"सुमारे" हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. किती वाजले म्हणून विचारलं तर "नऊ वाजून बारा" असं सांगायचे. गावाहून किती माणसं आली म्हटलं तर "सात, अन् एक कडेवर." एका अडत्याने एकदा हळूच म्हटलं होतं, दगडूजी, पारडं जरा आपल्याकडे राहू द्या. दगडूजींनी काटा थांबवला आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "चाळीस किलो दोनशे ग्रॅम, अन् शेठजीचं एक बोट." त्यानंतर त्यांना कोणी काही सुचवलं नाही. शेतकरी त्यांच्या काट्याकडे पाहतसुद्धा नसत. दगडूजी पुकारत आहेत ना, मग झालं. कोणी तक्रार केलीच तर पोतं मोकळं करून पुन्हा मापायचे. त्यात पुकारल्यापेक्षा कमी भरलं तर ती घट स्वतःच्या मजुरीतून भरून द्यायचे. हा त्यांचा नियम होता, बाजाराचा नव्हता.

आता हा माणूस पडद्याशेजारी कसा गेला ते सांगतो.

१९६१ साली बाहेरून एसटीने आलेल्या पेटीत भलताच सिनेमा निघाला. देवादिकांचा मागवला होता, आला इंग्रजी. रहीमभाईंना पहिलं रीळ लावल्यावर कळलं. पडद्यावर लोखंडी भोपळ्यासारखं एक यान आभाळात चाललेलं, आत चार माणसं आणि एक पत्र्याचा माणूस, आणि कोणी काय बोलतंय ते एकालाही समजत नव्हतं. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. जमिनीवर बसलेले दगडूजी शेजाऱ्याला सांगत होते, "तो लंबा आहे ना, तो कप्तान. तो म्हणते, पाणी किती उरलं? डबाराव म्हणते, अकरा पायली." पुढच्या रांगेने वळून म्हटलं, "जोऱ्यानं सांगा ना बाप्पा." मालकांनी मागून हे ऐकलं आणि घोषणेचा माईक त्यांच्या हातात दिला.

पत्र्याच्या माणसाचं नाव डबाराव ठेवलं ते दगडूजींनी. फलकावर रंगवलेलं "वरचा मुलूख" हे नावही त्यांचंच. मूळ नाव काय होतं ते मला आजही माहीत नाही. पुढे त्याचा दुसरा भाग आला, मग तिसरा. दर वेळी रहीमभाई मूळ आवाज बारीक करायचे आणि दगडूजी माईक तोंडाशी धरून "लाभ" म्हणून सुरू करायचे. मजुरी खेळाला दोन रुपये. दुसऱ्या भागात डबाराव पाणी लिटरमध्ये सांगायला लागला. कोणीतरी ओरडलं, "पायली कुठी गेली मापारीभाऊ?" दगडूजी म्हणाले, "सरकारनं माप बदलवलं. वरतबी लागू आहे."

पहिल्या भागात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. या लोकांचं एक जुनं यान फार पूर्वी पृथ्वीवर पडलं आणि लोणारचं तळं झालं. हे ऐकून सरूबाई दारातूनच बोलल्या. त्या लोणारहून एसटीने टोपली घेऊन यायच्या, मध्यंतरात फुटाणे विकायच्या आणि बाकीचा वेळ दाराशी उभ्या राहून सिनेमा पाहायच्या. विकणारी बाई म्हणून मालकांनी त्यांना कधी तिकीट मागितलं नाही.

"मंग तळ्याचं पाणी खारं काऊन आहे?" त्यांनी विचारलं.

"यानात मीठ होतं," दगडूजी म्हणाले.

"किती?"

"सहाशे पोते."

सरूबाईंचं समाधान झालं. माझं झालं नाही. सहाशे हा आकडा आला कुठून? बाजारात पाव किलोसाठी पोतं मोकळं करणारा हा माणूस सहाशे पोती मीठ आभाळातून आणतो आणि त्याचा आवाज जराही हलत नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "दगडूजी, तुम्हाला इंग्रजी येतं का?" ते म्हणाले, "बाबू, पोतं पाहून मी सांगतो किती भरन ते. सांगतो का नाही?" सांगायचे, आणि ते फार चुकायचं नाही. पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं की नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

तिसरा भाग १९६६ ला आला. त्याच्या शेवटी यान एका काळ्या ग्रहावर अडकतं. सगळे चढले तर ते उठत नाही. कप्तान खाली उतरतो आणि बाहेरून दार लावून घेतो. यान वर जातं, तो हात वर करून उभा राहतो, आणि पडदा पांढरा होतो. दगडूजींनी त्या वेळी सांगितलेले आकडे मी त्याच दिवशी तिकिटाच्या वहीमागे टिपून ठेवले होते. सवय आहे. कप्तानाजवळ पाणी एकशे वीस लिटर. यानाला घरी जायला बत्तीस दिवस.

दिवे लागले तरी कोणी उठलं नाही. दारातून सरूबाईंनी विचारलं, "मापारीभाऊ, तो मेला का?"

दगडूजींनी माईक खाली ठेवला होता. त्यांनी तो पुन्हा उचलला. "मेला नाही. पुढच्या भागात येते. हे माझं माप आहे."

हॉलमध्ये बसलेले बहुतेक लोक त्यांच्याच काट्यावर माल घालणारे होते. "माझं माप आहे" याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नव्हता. लोक उठून गेले.

पुढची पावणेतीन वर्षं दर बाजाराला सरूबाई आधी खिडकीशी यायच्या. "बाबू, आला का कप्तान?" मी सांगायचो, "पेटी नाही आली." मग तोच प्रश्न त्या काट्यावर जाऊन दगडूजींना विचारायच्या. इतरही विचारायचे, थट्टेने. "मापारीभाऊ, तुमच्या कप्तानाचं पाणी सरलं असन ना आता." दगडूजी म्हणायचे, "येते म्हणलं ना." एखाद्या सिनेमातल्या माणसासाठी हे सगळे इतके का थांबले होते, तेही मला नीट सांगता येणार नाही.

१९६९ च्या फेब्रुवारीत चौथा भाग आला. आदल्या दिवशी दुपारी दाराशी फोटो लावले. दगडूजी बाजारातून तडक आले आणि एकेका फोटोसमोर उभे राहिले. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "बाबू, फोटो बारा. माणसं एकूण एकतीस. कप्तान एकातबी नाही."

"आत असेल," मी म्हणालो.

"असन," ते म्हणाले. पण गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी एकशे चोपन्न रुपयांचा तो खेळ सुरू झाला. मी वरच्या मुलखाचे तिन्ही भाग पाहिले होते, म्हणून सांगतो, चौथा अगदीच पडेल निघाला. यान उडालंच नाही म्हटलं तरी चालेल. मध्यंतरापर्यंत एक तास गेला, त्यात मी घड्याळ लावून पाहिलं, यान आभाळात चार मिनिटं होतं. बाकी वेळ सहा माणसं एका खोलीत टेबलाभोवती बसून बोलत होती. गुहेचा जो देखावा आला तो दुसऱ्या भागातलाच होता, रिळावरच्या रेघासुद्धा त्याच. डबाराव बदललेला, त्याला पायांऐवजी चाकं. आणि विसाव्या मिनिटाला कप्तानाचा कोट घालून एक ठेंगणा, जाडा माणूस आत आला. सगळे उठून उभे राहिले.

दगडूजी थांबले. मग म्हणाले, "हे पाहुणे आले. हे वकील असन."

"मापारीभाऊ, वकिलानं कप्तानाचा कोट काऊन घातला?" खुर्चीतून कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"उसना घेतला असन," दुसरा म्हणाला. "कप्तानाले आता काय कामाचा तो?"

त्यानंतर दगडूजी वाक्यावाक्याला अडखळत राहिले. एकदा तर पुरी दोन मिनिटं नुसता इंग्रजी आवाज चालू होता. मध्यंतरात मालक तरातरा पडद्याशी आले. मी हिशोबाची चिठ्ठी द्यायला मागे होतो, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"दगडूजी, हे काय लावलं? तोच कप्तान आहे म्हणून सांगा. रूप पालटलं म्हणा. वरच्या हवेनं माणूस फुगते म्हणा."

"कान दुसरे आहेत, मालक. हाताची बोटं दुसरी आहेत. तो हा नाही."

"अहो, आतापर्यंत तरी कुठी खरं सांगत होते तुम्ही?"

मालक हे चिडून म्हणाले नव्हते. जे सगळ्यांना माहीत आहे ते बोलावं तसं म्हणाले. दगडूजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पारडं वर गेलं आणि खाली येईना, तेव्हा ते काट्याकडे जसे बघत, तसे बघत होते. मला त्या क्षणी वाटलं, या माणसाला खरंच आजवर माहीत नव्हतं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, माहीत नसेल कसं? यांतलं कोणतं खरं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मध्यंतर संपलं. दगडूजी स्टुलावर बसले नाहीत, उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली.

"मंडळी," ते माईकवर म्हणाले, "मले इंग्रजी येत नाही. आतापर्यंत सांगितला तो अदमास होता. अदमास हाय म्हणून सांगाले पाहिजे होतं, ते सांगितलं नाही. कप्तान येते म्हणलं होतं, अन् माप म्हणून म्हणलं होतं. तो आला नाही. घट माझी आहे. पुढच्या बाजाराले ज्यानं त्यानं आपलं तिकीट काट्यावर आणावं, पैसे मी देतो."

आणि माईक स्टुलावर ठेवून ते जमिनीवर, पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पडद्यावरची सहा माणसं बोलतच होती. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "मंग अदमास तं सांगा." दगडूजी मागे न वळता म्हणाले, "याचा अदमासबी लागून नाही राह्यला." तेवढं मात्र खरं होतं. उरलेला पाऊण तास दोनशे शहात्तर माणसांनी इंग्रजी बोलणं ऐकलं. शिट्ट्या फार झाल्या नाहीत. खेळ सुटल्यावर काहींनी मालकांकडे पैसे परत मागितले. मालक म्हणाले, "मी पडदा दाखवला. बोलायचं त्यानं कबूल केलं होतं." लोक कुरकुरत गेले, पण बऱ्याच जणांनी तिकिटाचे तुकडे जपून खिशात ठेवले, ते मी पाहिलं.

आठ दिवस बाजारात वेगळंच वाटलं. दगडूजी वजन पुकारायचे आणि शेतकरी मान वर करून काट्याकडे पाहायचे. फार नाही, एकदाच. पूर्वी कोणी पाहत नव्हतं. दगडूजींना ते दिसत होतं. त्यांनी काटा अर्धा हात फिरवून घेतला, म्हणजे माल आणणाऱ्याला उभ्या जागेवरून तो दिसावा.

पुढच्या बाजाराला लिलावाच्या आधी ते काट्याशी सुट्या पैशांची पिशवी घेऊन बसले. सगळे आले असते तर एकशे चोपन्न रुपये लागले असते. पिशवीत अडतीस होते. एकोणीस खेळांची त्यांची बोलण्याची मजुरी तेवढीच होत होती. बाकीचे शेंगदाण्याच्या हंगामात देऊ, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मला बाजूला बसवून घेतलं, तिकिटांचे नंबर तपासायला.

एकंदर एक्केचाळीस जण आले. अकरांनी पैसे घेतले. नऊ जमिनीचे, दोन खुर्चीचे. त्यांत कोटावरून हसणारा होता आणि मालकांचा एक साडूही होता. बाकीच्या तिसांचं काय काम होतं ते मला आधी समजेना. ते तिकीट दाखवायचे, पुन्हा खिशात घालायचे आणि काट्याला टेकून उभे राहायचे. एक म्हणाला, "दगडूजी, मले वाटते तो वकीलच होता." दुसरा म्हणाला, "वकील कायचा? तो धाकला भाऊ. इस्टेटीवर आला." दोघांत वाद लागला. दगडूजी दोघांचं ऐकायचे आणि म्हणायचे, "मले माहीत नाही."

शेवटी सरूबाई आल्या. टोपली खाली ठेवली.

"तिकीट?" मी विचारलं.

"मले कुठचं तिकीट, बाबू? मी दारातली." मग दगडूजींकडे वळून त्या म्हणाल्या, "तो हाय का मेला?"

"मले माहीत नाही, बाई."

"ते ऐकलं मी माईकवर. अदमास सांगा."

दगडूजी माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "बाबू, तिसऱ्या भागाचे आकडे हायेत का तुमच्यापाशी?" मी वही काढून वाचले. पाणी एकशे वीस लिटर. जायला बत्तीस दिवस.

"म्हणजे यान घरी गेलं बत्तीस दिवसात, फिरून त्याले न्यायले आलं बत्तीस दिवसात. चौसष्ट." ते बोटांवर मोजत म्हणाले. "माणसाले दिवसाचं दोन लिटर. साठ दिवस." त्यांनी पुन्हा बोटं मोजली. "चार दिवसाची घट येते, बाई."

मी म्हणालो, "दगडूजी, आकडे तुमचेच आहेत. एकशे तीस लिटर म्हणा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली. "एकशे वीस पुकारलं होतं," ते म्हणाले.

सरूबाई टोपलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. "दोन लिटर काऊन?" त्यांनी विचारलं.

"माणसाले लागते."

"काम करणाऱ्याले लागते. तो काय वावरात राबून राह्यला तिथं? बसूनच हाय ना. ऊन तरी हाय का?"

"नाही. काळोख हाय."

"मंग बसल्या माणसाले सावलीत दीड लिटर लय झालं. मी उन्हात टोपली घेऊन फिरतो, मले विचारा."

दगडूजींनी डोळे मिटले. दीडने एकशे वीसला भागायला त्यांना एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. "ऐंशी दिवस," ते म्हणाले. "सोळा दिवस शिल्लक राह्यतात."

"मंग हाय तो."

"अदमास हाय हा, बाई."

"हो, अदमासच," सरूबाई म्हणाल्या. कनवटीतून पन्नास पैशांचं नाणं काढून त्यांनी रिकाम्या पारड्यात ठेवलं. पारडं हललंसुद्धा नाही.

"हे कायचे?"

"खेळाचे. आठ वर्सं फुकट पाह्यला. माहा खेळ आज झाला." टोपली उचलून त्या एसटी स्टँडच्या बाजूने गेल्या. तीस जण बाजूला सरले. त्यानंतर कोणी वकिलाचं नाव काढलं नाही.

दगडूजींनी पुन्हा माईक धरला नाही. बाजारात ते होतेच. काट्याकडे वर मान करून पाहायची शेतकऱ्यांची सवयही राहिली. दगडूजी म्हणायचे, "पाह्यलंच पाहिजे त्यानं." मला वाटतं त्यांना ते लागलं होतं. मला असंही वाटतं की त्यांना ते पटलं होतं. दोन्ही एकदम कसं असेल, ते माझ्या हिशोबात बसत नाही.

पाचवा भाग १९७२ साली आला. सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून गर्दी बेताची होती, ब्याण्णव तिकिटं. खेळ सुरू झाल्यावर मी दाराच्या फटीतून आत पाहिलं. दगडूजी जमिनीवर पहिल्या रांगेत बसले होते, टोपी मांडीवर. त्यांच्या शेजारी, दाराशी नव्हे, आत, सरूबाई होत्या. फुटाण्यांची टोपली दोघांच्या मध्ये. पडद्यावर खूप माणसं एका बोगद्यातून पळत होती. सरूबाई हळू आवाजात सांगत होत्या आणि दगडूजी कान देऊन ऐकत होते.

"तो मागून गेला ना वाकून, तो कप्तान."

"मले नाही दिसला."

"माहा अदमास हाय."

दगडूजी थोडे पुढे वाकले आणि बोगद्याकडे पाहत राहिले. तसेच ते मला आठवतात. पुढच्या महिन्यात माझी बदली नांदुऱ्याला झाली आणि नंतर आमची गाठ पडली नाही.

जमिनीचं तिकीट तोवर साठ पैसे झालं होतं. त्या सकाळी दगडूजींनी खिडकीत दोन तिकिटांचे एक रुपया वीस पैसे दिले. स्वतःचे साठ सुटे होते. दुसऱ्या साठांपैकी पन्नासाचं नाणं कागदाच्या पुडीत होतं आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "सरूबाई, ठेव." वर दहा पैसे त्यांनी आपले घातले होते. ते तिकीट मी फाडून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सरूबाईंच्या हातात दिलं.